पत्ता तोच आहे

माचाकोस, केनिया
४ फेब्रुवारी २०२५

श्री. मुबांगा कापासा यांस,

नमस्कार. मी म्बेके मुथियानी. आपण मला ओळखत नाही, आणि मीही आपल्याला एका ओळीपुरतीच ओळखते. ‘न्गुझो’च्या राखणदारांच्या यादीत ती ओळ अशी आहे: ‘वीज गेल्यावर दवाखान्याच्या नोंदी सांभाळणारा भाग. राखणदार मुबांगा कापासा, कासामा, झांबिया.’

ही यादी ताजी ठेवण्याचं काम दोन महिन्यांपूर्वी माझ्या गळ्यात पडलं. तोवर मला वाटायचं, न्गुझो म्हणजे दवाखान्यांत चालणारी एक प्रणाली, संगणकात भरली की झालं. आता कळतंय की ती एकोणीसशे बारा माणसं आहेत. कोणी आइसलँडमध्ये, कोणी आमच्या मोम्बासात, कोणी कुठे. प्रत्येकाने एकेक तुकडा फुकटात, आपखुशीने सांभाळलेला. बाळाच्या लशीची तारीख चुकू नये म्हणून कुठेतरी एक बाई एकवीस वर्षं जागरूक आहे, आणि त्या बाळाच्या आईला तिचा पत्ताही नाही. मी यादी वरून खाली वाचली त्या दिवशी जेवायचं विसरले. आमच्या घरी ही मोठी बातमी आहे.

आता कामाचं. मी सगळ्यांना पत्रं धाडली, त्यांतली तीनशे चाळीस परत आली. पत्ते मेलेले. माझ्याआधी हे काम किसुमूचे ओगुटू बघायचे. त्यांच्यानंतर ही खुर्ची पाच वर्षं रिकामीच होती. त्यांची अख्खी टपालपेटी मला मिळाली आहे, अकरा हजार न उघडलेली पत्रं. मी तिच्याकडे बघते आणि पुन्हा झाकण लावते.

नियम असा, की राखणदाराचं ‘मी आहे’ असं उत्तर आलं नाही तर त्याचा भाग बेवारस ठरतो, आणि बेवारस भाग सप्टेंबरच्या आवृत्तीतून काढून टाकतात. तेव्हा दोन ओळी लिहा. आपण आहात का? पत्ता, फोन तोच आहे का?

आपली,
म्बेके मुथियानी

*

कासामा
२१ मार्च २०२५

बा म्बेके, मुक्वाई (आमच्याकडे मानाने असं म्हणतात),

आहे. पत्ता तोच आहे. फोन तोच आहे.

उशीर झाला, कारण वादळात फोनचा मनोरा पडला होता आणि तो उभा करणारी माणसं आमच्या दैवावर हवाला ठेवून लुसाकाला गेली होती. तेवढे सगळे दिवस लुविंगूच्या दवाखान्यात वीज नव्हती, इंटरनेटचं जाळंही नव्हतं. तरी एका बाळाची नोंद हरवली नाही. सिस्टर म्हणाली, ‘मुबांगा, तुझं ते काम चाललं बरं का.’ मी म्हटलं, ‘त्यासाठीच तर मी आहे.’

हे काम मी २००४ पासून करतो. मधे दोनदा बदल झाला, तो मी दोन्ही वेळा कळवला आहे. ओगुटूंची पेटी उघडलीत तर सापडेल.

तुम्ही जेवायचं विसरलात हे चांगलं नाही. यादी पळून जात नाही, ताटातली मक्याची उबवाली गार होते.

मुबांगा कापासा

*

माचाकोस
२ एप्रिल २०२५

श्री. कापासा यांस,

हे पत्र लिहिताना मला बरं वाटत नाही.

पडताळणी म्हणून मी सोमवारी आपल्या फोनवर बोलले. आठवत असेल. उचलणाऱ्याचा आवाज तिशीतला होता, मागे पाण्याचा पंप धडधडत होता. मी विचारलं, ‘मुबांगा कापासा आहेत का?’ ‘बोलतोय.’ मी म्हटलं, ‘मोठे मुबांगा?’ तर उत्तर आलं, ‘आमच्यात एकच आहे, बाई.’

माझ्यासमोर २००७ सालच्या संमेलनाचा फोटो आहे. त्यात मुबांगा कापासा उभे आहेत. पांढरे केस, हातात काठी, खाली लिहिलंय ‘जन्म १९५१’. म्हणजे आज ते चौऱ्याहत्तर वर्षांचे हवेत. मग मी त्यांचं जुनं काम उघडून बसले. २०११ पर्यंत लिहिणारा एक हात आहे. नंतर दुसरा. २०१९ नंतर तिसरा, आणि त्या तिसऱ्याची पहिली दोन वर्षं तर इतकी कच्ची आहेत, की माझी आई बरं लिहील.

आपण कोण आहात?

गेल्या वर्षी दुसऱ्या एका प्रकल्पात असाच कोणी दमलेल्या राखणदाराचा विश्वास कमावून आत शिरला होता. तेव्हापासून आमची सुरक्षा समिती ताकही फुंकून पिते. मला हे त्यांना सांगावंच लागलं. त्यांनी आपली किल्ली बंद केली आहे, आपण केलेला कोणताही बदल आता आत जाणार नाही. तीस जूनपर्यंत खुलासा झाला नाही तर आपला भाग बेवारस ठरेल. त्याच्या जागी जो नवा भाग येतोय, त्याला सतत जाळं लागतं. लुविंगूत ते नाही, हे मला आपणच लिहिलंत. म्हणून म्हणते, खरं काय ते सांगा.

म्बेके मुथियानी

*

कासामा
५ एप्रिल २०२५

बा म्बेके,

तुम्ही विचारलंत तसं कोणी आमच्या अंगणात विचारलं असतं, तर म्हाताऱ्यांनी त्याला उठवून लावलं असतं. पण तुम्ही दूरच्या, आणि तुमचा आवाज भांडखोर असला तरी लबाड नव्हता. म्हणून सांगतो.

मी १९५१ साली जन्मलो. २००४ साली हा भाग लिहायला घेतला, कारण मुंग्वीच्या दवाखान्यात वीज गेली आणि एका दिवसात चारशे बाळंतिणींच्या नोंदी पुसल्या गेल्या. २०११ साली मी मेलो. छातीचं दुखणं होतं. वर्षभराने घरच्यांनी उकुप्याना केला, म्हणजे माझं नाव कोणी घ्यायचं ते ठरवलं, आणि माझ्या बहिणीचा थोरला मुलगा मुबांगा कापासा झाला. २०१९च्या जूनमध्ये मी पुन्हा मेलो, एमपिकाच्या रस्त्यावर, ट्रकखाली. या वेळी वर्षभर थांबले नाहीत. दवाखाने खोळंबले होते. पुढच्याच महिन्यात ते नाव धाकट्या भाच्याकडे आलं. तो मी.

हे सोंग नाही. चटईवर बसवतात, मामाचं धनुष्य हातात देतात. आमच्या घरी धनुष्याबरोबर संगणकाची पिशवीही खांद्यावर अडकवली. मग मोठ्याने सांगतात, ‘हा मुबांगा. तो गेला नाही.’ त्या दिवसापासून माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, मामाचा मुलगा मुताले मला बाप म्हणतो आणि शिव्याही बापासारख्याच देतो. मामाने दिलेले शब्द मला पाळावे लागतात. २००९ मध्ये त्याने मलावीच्या कोणा डॉक्टरला एक दुरुस्ती कबूल केली होती, ती मी २०२२ मध्ये करून दिली. डॉक्टर निवृत्त झाले होते. तरी दिली.

कच्ची दोन वर्षं माझीच. मी सौरपंप दुरुस्त करणारा माणूस, मला संगणकातली एक ओळ येत नव्हती. पण पहिल्याच आठवड्यात दवाखान्यांची पत्रं मुबांगाच्या नावाने आली. मग उत्तर कोण देणार? मी लिहायचो, ‘थांबा, शिकतोय.’ नाव अंगात मावायला दोन वर्षं लागली.

बँकेत माझं नाव चिलेशे म्विला आहे. ओळखपत्र सोबत जोडलंय. पण तुमच्या यादीत आहे तो मुबांगा आहे. तो मी आहे.

मुबांगा कापासा

*

माचाकोस
२८ एप्रिल २०२५

बा मुबांगा,

आपलं पत्र मी तीनदा वाचलं. मग बाहेर जाऊन शेजारच्या बाईशी उगाच भांडून आले, कारण एवढं मोठं काही वाचल्यावर माणसाने करायचं काय?

मी पत्र समितीपुढे ठेवलं. पाच माणसं, पाच देश, तीन तास. ‘मी मेलो’ इथे एक जण हसला, बाकीचे हसले नाहीत. त्यांनी एकच विचारलं: दोन्ही वेळा किल्लीचं परवलीचं वाक्य नव्या माणसाला कसं कळलं? न्गुझोत ते दुसऱ्याला सांगणं हा सगळ्यांत मोठा गुन्हा आहे, मुबांगा. याचं उत्तर आपण लिहिलेलं नाही.

तोवर मी आपल्या बाजूने एक काम करून टाकलं. समिती म्हणाली नियमाप्रमाणे नोंद करा, म्हणजे प्रकरण सरळ होईल. मी आज सकाळी ओळ दुरुस्त केली: ‘मुबांगा कापासा, मृत. नवे राखणदार चिलेशे म्विला, मंजुरी बाकी.’ आता आपण आपल्या खऱ्या नावाने अर्ज केला की झालं. हे आपल्या भल्याचंच आहे.

आपली,
म्बेके

*

कासामा
९ मे २०२५

बा म्बेके,

तुम्ही काय करून ठेवलंत ते ऐका.

यादीतली ओळ बदलली की तो भाग वापरणाऱ्या प्रत्येक दवाखान्याच्या पडद्यावर सूचना येते, हे तुम्हाला माहीत नसावं. मलाही माहीत नव्हतं, कारण एकवीस वर्षांत ती ओळ कधी बदललीच नाही. मुंग्वीच्या सिस्टरने सकाळी संगणक लावला, तर समोर ‘मुबांगा कापासा, मृत’. ती माझी चुलतबहीण. तिने तिथेच हंबरडा फोडला.

दुपारी मी अंगणात बसून शेंगदाण्याच्या कुटातली भाजी खात होतो. रस्त्याने बायका रडत येताना दिसल्या. डोक्यावर पिठाच्या गोण्या, हातात कोंबड्या, पाठीवर झोपायच्या चटया. मला वाटलं, शेजारी कोणी गेलं. उठून विचारायला गेलो, ‘कोण गेलं?’ पुढची बाई मला बघून जी किंचाळली ती खालीच बसली.

संध्याकाळपर्यंत साठ माणसं जमली. परत कोणी जाईना, पीठ आणलंय म्हटल्यावर जेवण तर होणारच. माझ्याच मयतीचं जेवण मी जेवलो, आणि मीठ कमी होतं.

पण बाना मुताले हसली नाही. ती मुतालेची आई, पहिल्या मुबांगाची बायको, आता एकाहत्तरची. नात्याने ती माझीही बायको, आणि सगळ्यांसमोर मला तसंच बोलते. दहा किलोमीटरवरून ती चालत आली. माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, ‘दोनदा विधवा झाले. तिसऱ्यांदा कोणाच्या सांगण्यावरून करतोस?’

मी म्हटलं, ‘केनियाची एक बाई आहे. यादी लिहिते.’

‘तिने तुला मारलं?’

‘तिला वाटलं, माझं भलं होईल.’

‘तिला सांग, माणूस मेला हे लिहायला कोणालाही येतं. त्याच्या जागी कोण बसलं ते लिहायला शीक म्हणावं. नाहीतर मी येते माचाकोसला.’

ती खरंच येईल, बा म्बेके. तिला बसचे पैसे कोणी देऊ नका.

आता समितीचं उत्तर. परवलीचं वाक्य बाना मुतालेच्या पोटात असतं. जिवंतपणी मुबांगा तिला सांगून ठेवतो. उकुप्यानाच्या दिवशी ती ते नव्याच्या कानात सांगते, चाळीस माणसांच्या देखत. चाळिसांतल्या कोणालाही वाक्य ऐकू येत नाही, पण कोणी सांगितलं आणि कोणाला, हे सगळे बघतात. तिला संगणक उघडताही येत नाही. चौदा वर्षांत एक अक्षर बाहेर गेलं नाही. तुमच्या पाच जणांच्या समितीतलं किती गेलं ते तुम्हाला ठाऊक. किल्ली बदलायची तर बदला, मी नवी करतो. नाव बदलणार नाही. मी चिलेशे म्हणून अर्ज केला, तर मुबांगा मेला असं मीच कबूल केल्यासारखं होईल, आणि त्या अंगणात मी पुन्हा तोंड दाखवू शकणार नाही.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी मेल्यावरही गेली नाही. आणि हे मी कळवलं होतं, दोनदा. पेटी उघडा.

मुबांगा कापासा

*

माचाकोस
१६ जून २०२५

बा मुबांगा,

आपलं पत्र आलं त्याच दिवशी मी ती ‘मृत’ची ओळ पुसली. बाना मुतालेंच्या पाया पडते असं सांगा. मला त्यांची भीती वाटते, आणि कधीतरी त्यांना बघावं असंही वाटतं.

मग मी ओगुटूंची पेटी उघडली. पाच आठवडे बसले आहे. अकरा हजारांतली नऊ हजार निरर्थक निघाली. पण त्यांनी उघडलेल्या जुन्या पत्रांत, २०१२ सालात, आपलं पत्र सापडलं, आणि त्यावर ओगुटूंनी धाडलेलं उत्तरही: ‘बा मुबांगा, आपण गेल्याचं कळून वाईट वाटलं, परत आल्याचं कळून बरं वाटलं. नाव तेच, पत्ता तोच, म्हणजे यादीत बदलण्यासारखं काही नाही.’ म्हणजे यादी राखणाऱ्याला सगळं माहीत होतं. आपण काही लपवलं नव्हतंत. मी आपल्यावर संशय घेतला, त्याची मला लाज वाटते.

दुसरं पत्र १४ ऑगस्ट २०१९चं. ते कोणी उघडलेलंच नव्हतं. मी किसुमूला ओगुटूंच्या घरी फोन केला. त्यांची मुलगी म्हणाली, ‘बाबा त्याच वर्षी जुलैमध्ये गेले. तुमच्याकडून कोणाचा निरोपही आला नाही, आम्हाला वाटलं तुम्हाला कळलं असेल.’ आम्हाला कळलं नव्हतं, मुबांगा. एकोणीसशे माणसांची ख्यालीखुशाली ठेवणारा माणूस गेला, आणि आम्ही म्हणालो, हल्ली ओगुटू उत्तरं देत नाहीत.

ते परत आलेले तीनशे चाळीस पत्तेही मी एकेक करून शोधते आहे. आत्तापर्यंत तेवीस जण गेलेले निघाले. एक जण नऊ वर्षांपूर्वी. त्याचा भाग रोज लाखो माणसं वापरतात. त्याच्यासाठी कोणी पीठ घेऊन गेलं नाही, त्याच्या जागी कोणी बसलं नाही. मी हे सगळं समितीला वाचून दाखवलं, आणि म्हटलं, या अख्ख्या यादीत एकच ओळ अशी आहे जी राखणदार दोनदा जाऊनही शिळी झाली नाही. तीच आपण संशयित म्हणून बंद केली आहे. मग जो हसला होता त्याने विचारलं, ‘माझ्यानंतर माझा भाग कोण बघणार, हे कुठे लिहायचं?’

निर्णय असा. किल्ली नवी करायची, वाक्य नवं ठेवायचं. बाना मुतालेंची जागा तशीच, फक्त पुढच्या वेळी समितीचा एक माणूस चटईजवळ हजर राहील. पुढची वेळ लवकर आणू नका. राखणदाराचं नाव मुबांगा कापासा, ते बदलणार नाही. आपला भाग सप्टेंबरच्या आवृत्तीत राहील.

यादीत एक नवा रकानाही काढला आहे: ‘यांच्यानंतर कोण, आणि हे कोणाला ठाऊक आहे?’ एकोणीसशे अकरा ओळींत तो कोरा आहे. मी रोज सकाळी ती यादी उघडते, आपल्या एका भरलेल्या ओळीकडे बघते, आणि मग बाकीच्यांना पत्रं लिहायला बसते.

आपलं २०१९चं पत्र खाली उतरवून ठेवते. त्याचं उत्तर यादीच्या पत्त्यावरून वेगळं धाडते आहे. ते राहून गेलं होतं.

आपली,
म्बेके

‘कासामा, १४ ऑगस्ट २०१९. श्री. ओगुटू यांस. मी मुबांगा कापासा. जूनमध्ये मी वारलो. आता बरा आहे. काम अजून येत नाही, शिकतोय, चुका दिसल्या तर रागावू नका. दवाखान्यांना सांगावं, की पत्ता तोच आहे.’

*

न्गुझो, राखणदारांची यादी
१६ जून २०२५

श्री. मुबांगा कापासा यांस,

आपलं १४ ऑगस्ट २०१९चं पत्र मिळालं. आपण बरे आहात हे वाचून आनंद झाला.

उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल क्षमा असावी. मधल्या काळात मी वारले होते. आता बरी आहे. काम अजून नीट येत नाही, शिकते आहे. एक मोठी चूक झाली, ती आपण पोटात घातलीत.

नोंद केली आहे. पत्ता तोच आहे.

ओगुटू
(माचाकोसला, म्बेके मुथियानी)